मालाताईची कोरी फरशी

मालाताईला कुवेतमध्ये स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळी फरशी, आणि तिच्यावर सलग तीन दिवस कुणाचा पाय पडू नये. बाकीची माणसं इकडे येतात ती गावाला बंगला बांधायला, मुलांना शिकवायला, बहिणींची लग्नं उरकायला. ती सगळी कामं तिनंही केली. पण ती कामं म्हणजे नोकरीचाच एक भाग, असं ती धरून चालायची. तुला स्वतःला काय हवं, असं विचारलं की ती फरशी म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईला गावच्या घरात टाइल्स बसवून घ्यायच्यात.

पूर्ण नाव विजयमाला. गाव इचलकरंजीच्या जवळचं. आमच्या हॉस्पिटलात ती डायलिसिसच्या वॉर्डात सिस्टर होती आणि मी एक्स-रे विभागात टेक्निशियन. केरळच्या सिस्टर्स तिला मालाचेची म्हणायच्या, इजिप्तचे डॉक्टर सिस्टर माला म्हणायचे, आणि सालमियात आमच्या बिल्डिंगमध्ये जी चार मराठी घरं होती त्यांची ती मालाताई. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चालताना जरा डावीकडे झुकणारी. तिकडच्या बायकांसारखी ती ‘मी येतो’, ‘मी जातो’ असं बोलायची. मी डोंबिवलीची. सुरुवातीला मी तिला त्यावरून फार छळलं. “तू येतोस की येतेस, एकदा ठरव,” असं म्हणायचे. ती म्हणायची, “मी येतो, आणि येताना कोथिंबीर पण आणतो. तुला आणू का नको?”

आता रांगोळीचं सांगायला हवं. तिची रांगोळी म्हणजे दारातली ठिपक्यांची नव्हे. गावाकडे दिवाळीत शाळेच्या हॉलमध्ये रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं, चपला बाहेर काढून, दोरीच्या अलीकडून, रांगेनं पुढे सरकत बघायचं, त्यातली. फरशीवर चिमटीतून रंग सोडत सोडत माणसाचा चेहरा उभा करायचा. गालावरची सावली, पापणीचा केस, ओठाच्या कडेची सुरकुती, सगळं. दोन-तीन दिवस ओणवं बसून काढायचं आणि आठवड्यानं झाडू घेऊन लोटून टाकायचं. लग्नाआधी तिची रांगोळी दरवर्षी त्या हॉलमध्ये असायची. एकदा तिनं तिच्या वारलेल्या आजोबांना काढलं, तेव्हा त्यांचा एक जुना दोस्त दोरीशी थांबला आणि त्यानं रांगोळीलाच विचारलं, “कवा आलास?” हे ती सांगायची. बाकी स्वतःबद्दल सांगण्यासारखं तिला काही सुचायचं नाही.

कॅनव्हासवर काढ, गुंडाळून पलंगाखाली ठेवता येईल, हा सल्ला तिला सगळ्यांनी देऊन झाला होता. मीही दिला. तिनं एकदा खरंच रंग आणि ब्रश आणले. पंधरवड्यानं मी विचारलं तर म्हणाली, “ब्रश धरला की हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो गं. आणि ब्रश टेकवाय लागतो. माझ्या बोटांना टेकवायची सवयच नाही.” ते ब्रश पुढे तिच्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला लागले.

रांगोळीचा इथला पहिला शत्रू एसी. वर्षातले सात-आठ महिने तो बंद करायची सोय नाही, आणि चालू असला की चिमटीतला रंग खाली पोचायच्या आत सोफ्याखाली जातो. म्हणजे जे काय काढायचं ते थंडीत. त्यामुळे ‘थंडी पडू दे’ हे तिचं पालुपद होऊन बसलं. दुसरा शत्रू घर. दोन खोल्या आणि एक हॉल. त्यातली एक खोली एका केरळी जोडप्याला भाड्यानं दिलेली. तसं इथे सगळेच करतात. म्हणजे हॉल हा हॉल नव्हता, ती वहिवाटीची वाट होती. तिच्यावरून मालाताईचा नवरा, मुलगा, मुलगी, ते जोडपं आणि त्यांचं रांगतं बाळ अशी सगळी ये-जा. शिवाय गावाकडून कुणी नवीन नोकरीवर आलं की फरवानियात एखाद्या खोलीत त्याला भाड्याची कॉट मिळेपर्यंत मुक्काम मालाताईच्या हॉलमध्ये. नाही म्हणणं तिला येत नव्हतं. ती म्हणायची, “वेळ कसाबसा काढता येतो गं. फरशी कुठनं काढू?”

तिची इथली पहिली रांगोळी कुवेतच्या विमानतळावर काढली गेली. मी तेव्हा इथे नव्हते, पण ती हा किस्सा इतक्यांदा सांगायची की मला ते टेबलसुद्धा डोळ्यांसमोर दिसतं. ती सुट्टीहून परत येताना रंग घेऊन आली होती. रंग कसे आणले, तर प्लॅस्टिकच्या छोट्या छोट्या पुड्या बांधून, वर काही न लिहिता. त्यातल्या चार पांढऱ्या. बॅग उघडल्यावर तिथला अधिकारी एकदम गंभीर झाला. हे खायचं का? नाही. औषध? नाही. मग? जमिनीवर टाकायचं. कशाला? छान दिसायला. आणि नंतर? नंतर झाडून टाकायचं. त्यानं वरच्या साहेबांना बोलावलं. एवढ्या मोडक्यातोडक्या अरबीत रांगोळी समजावणं शक्य नाही असं दिसल्यावर मालाताईनं एक पुडी फोडली आणि तिथल्या स्टीलच्या टेबलावर त्या साहेबांचाच चेहरा काढायला घेतला. मिश्या, जाड भुवया, हनुवटीवरचा तीळ. आजूबाजूचे सगळे गोळा झाले. साहेब स्वतः हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी सगळ्या पुड्या तपासणीसाठी ठेवून घेतल्या आणि हिला जायला सांगितलं. “त्यांचं बी बरोबर हाय की,” ती म्हणायची, “पांढऱ्या पुड्या घेऊन कोण येतं?”

त्यानंतर तिनं इथलेच रंग करायचे ठरवले, आणि त्यात तिनं काही वर्षं घालवली. थंडीत आम्ही सगळी घरं मिळून वाळवंटात सहलीला जायचो. बायका चटया पसरायच्या, पुरुष कोळसे पेटवायचे, आणि ही पिठाची चाळण घेऊन वाळू चाळत बसायची. ती झाली तळाला पसरायची रांगोळी. पांढऱ्यासाठी फहाहीलकडे एका संगमरवर कापणाऱ्या कारखान्यातून भुकटी आणली. काळ्यासाठी हुक्क्याचा कोळसा कुटला. पिवळ्याला हळद, निळ्याला कपड्यांची नीळ. हे सगळं डब्यांत भरून पलंगाखाली गेलं. तिच्या मुलानं एकदा मला विचारलं, “आंटी, व्हाय कान्ट शी जस्ट डू इट ऑन द आयपॅड?” मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. तो म्हणाला, “आय डिड. शी सेड, बघू, थंडी पडू दे.”

काय काढायचं ते मात्र तिचं पक्कं ठरलेलं होतं. पहाटे सिस्टर्सना हॉस्पिटलात नेणारी बस असते. तिचा पहिला थांबा आमचा, म्हणून मालाताई सगळ्यांत आधी चढायची आणि मागच्या बाकावर बसायची. पुढच्या थांब्यांवर बाकीच्या चढत, आणि बसल्या बसल्या झोपत. काचेला डोकं टेकवून, तोंड उघडं, कुणाची ओढणी गळ्याशी गोळा झालेली, कुणाच्या हातात अर्धवट सोललेलं केळं. सगळी बस झोपलेली आणि ही एकटी जागी. वर्षानुवर्षं तिनं ते चेहरे पाहिले होते. तेच तिला काढायचं होतं. बसच्या सहा खिडक्या आणि सहा झोपलेल्या बायका, खऱ्या मापाच्या. मी एकदा म्हटलं, “अगं, देवाबिवाचं काढ, नाहीतर एखादं लहान मूल. झोपलेल्या सिस्टर्स कोण बघणार?” ती म्हणाली, “झोपली की ती सिस्टर राहत नाही बघ. कुणाची तरी पोरगी होतीय. घरात पण तिला असं कुणी बघितलेलं नसतंय.” हे बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. त्या चित्राबद्दल बोलताना ती जरा लाजायची.

एकदा मी कसल्याशा कामाला तिच्या स्वयंपाकघरात गेले होते. ती ड्यूटीवरून नुकतीच आलेली, युनिफॉर्मवरच अॅप्रन बांधलेला, एकीकडे आमटी उकळतेय. पुढ्यात परातीत कणीक. तिनं तळव्यानं कणीक सारखी केली आणि नखानं तिच्यात रेघा ओढू लागली. मी आपली बोलत होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, “ओळख बघू.” परातीत एक म्हातारी होती. डायलिसिसला खिडकीजवळच्या खाटेवर यायची ती कुवेती म्हातारी. बुरखा कपाळावर सरकलेला, एक डोळा किंचित मिटलेला, खालचा ओठ बाहेर. तिच्या छातीचा एक्स-रे मी कितीदा काढला होता, पण तिचा खालचा ओठ असा आहे हे मला परातीत कळलं. मी काही बोलणार, तेवढ्यात मालाताईनं तिच्यावर पाणी ओतलं आणि मळायला घेतलं. “अगं!” मी ओरडलेच. ती म्हणाली, “पोळ्या नकोत का कुणाला?” नंतर कळलं की हे रोजचंच होतं. रोज त्या घरानं कुणाच्या तरी चेहऱ्याच्या पोळ्या खाल्ल्या.

घरातल्या माणसांनी तिला अडवलं असं मात्र कुणी समजू नये. तिचा नवरा प्रकाशराव गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर, आणि स्वभावानं इतका सरळ की त्यांच्यावर रागवायचीही सोय नाही. एका थंडीत तेच म्हणाले, “माले, काढ तू हॉलमध्ये. आम्ही भिंतीच्या कडेनं जातो.” आणि ती माणसं खरंच गेली. मी स्वतः पाहिलं. प्रकाशराव भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन सरकत होते. केरळी बाई बाळाला खांद्यावर घेऊन टाचांवर चालत होती. मुलं तर उड्याच मारत होती. दुपारपर्यंत एका बाईचा कान आणि केस झाले. मग गॅसचा सिलिंडर आला. माणसानं तो आपला नेहमीसारखा तिरका करून, गोल फिरवत, दारापासून ओट्यापर्यंत नेला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मालाताई त्याला अरबीत थँक्यू म्हणाली, “शुक्रन.” मग तिनं झाडू आणला.

बाकीच्या थंड्या अशाच गेल्या. एका थंडीत मुलाची बोर्डाची परीक्षा. एका थंडीत सासरे गेले आणि ती महिनाभर गावी. एका थंडीत वॉर्डातल्या सिस्टर्स एकामागून एक कॅनडाला निघून गेल्या आणि उरलेल्यांच्या ड्यूट्या दुप्पट झाल्या. एका थंडीत तर सगळं जमत आलं होतं, तर नव्यानं नोकरीवर आलेल्या चुलतदिराला कांजिण्या झाल्या आणि त्याची गादी हॉलच्या मधोमध पडली. तिनं त्याची सेवा केली, पेज करून घातली. मला म्हणाली, “तोंडावर काय सुंदर ठिपके आलेत बघ त्याच्या.” मी हसले. पण मला खरं तर संताप आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

इथल्या मराठी मंडळाला दिवाळीत तिची आठवण व्हायची. एका वर्षी अध्यक्षांचा फोन आला, “वेलकम रांगोळी पाहिजे, ताई. तासाभरात होईल ना?” हॉलमध्ये सगळीकडे गालिचा, एसी जोरात. तिला दाराशी एक प्लायवूडची फळी दिली आणि मधोमध प्रायोजक कंपनीचं बोधचिन्ह काढायला सांगितलं. तिनं काढलं. फळीच्या तिन्ही बाजूंनी आम्ही बायका पदर पसरून वारा अडवत उभ्या होतो. बोधचिन्ह अगदी कापून चिकटवल्यासारखं झालं. पाहुण्या बाई आल्या, वाकून बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “किती सुरेख! अगदी स्टिकर वाटतं!” मालाताई म्हणाली, “थँक्यू.” परत येताना टॅक्सी फोर्थ रिंग रोडला लागली. तशी मालाताई एकाएकी म्हणाली, “स्टिकर वाटतंय म्हणे,” आणि इतकी हसली की टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं. मी हसले नाही. मला त्या पाहुण्या बाईंचा गळा धरावासा वाटत होता.

वॉर्डात ती सगळ्यांची अडलेली ड्यूटी करायची. “मालाचेची, फ्रायडेला घेशील?” “घेतो की.” कुणाचं बाळ आजारी, कुणाचा नवरा येणार, कुणाला चर्चमध्ये कार्यक्रम. ही प्रत्येकीला सांगून ठेवायची, “तुम्ही सगळ्या मिळून मला एकदा थंडीत सलग तीन दिवस द्या.” त्या हो म्हणायच्या. मला वाटायचं, असल्या हो-ला काय अर्थ आहे? पण मी चुकले. त्या मुलींनी तो शब्द पाळला.

झालं असं, की माझ्या समोरचा फ्लॅट फेब्रुवारीत रिकामा झाला. तिथे राहणारे इजिप्तचे मास्तर सहकुटुंब मायदेशी गेले. बिल्डिंगचा राखणदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, एक म्हातारा इजिप्शियन होता. मालाताई दर आठवड्याला त्याचं ब्लडप्रेशर बघायची आणि त्याला मीठ कमी खा म्हणून रागवायची. त्यानं आपण होऊन किल्ली दिली. राष्ट्रीय सुट्ट्यांचे दिवस होते, नवा भाडेकरू सुट्टी संपल्यावर येणार होता. “तीन दिवस,” तो बोटं दाखवून म्हणाला, “मालकाला कळू देऊ नको.” मालाताईनं वॉर्डात विचारलं. मुलींनी आपसात बसून तिच्या सगळ्या ड्यूट्या वाटून घेतल्या. थंडी होती. एसी बंद. हॉल रिकामा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं एकत्र जमलं होतं. ती त्या हॉलच्या दारात उभी राहिली तेव्हा आत पाऊल टाकायला बिचकत होती.

पहिल्या दिवशी सकाळी मी तिच्या मदतीला होते. मदत म्हणजे दोरीचं एक टोक धरायचं आणि गप्प बसायचं. तिनं फरशी पुसली, सुकू दिली, वाळवंटातली ती चाळलेली वाळू अख्ख्या हॉलभर पसरली. इतकी एकसारखी, की फरशी कुठे संपते ते कळेना. दोरी ताणून खिडक्या आखल्या. सहा. मग गुडघ्याखाली जुनी उशी घेतली, रंगांचे डबे ओळीनं मांडले आणि म्हणाली, “तू आता जा. संध्याकाळी बघायला ये.”

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. आत ती भिंतीशी कुशीवर झोपली होती. डोक्याखाली दंड, हातात चाळण. आखलेल्या खिडक्या तशाच कोऱ्या. मी घाबरले, नाडी बघितली. नाडी उत्तम होती. ती नुसती झोपली होती. मी शाल आणून पांघरली. थोड्या वेळानं प्रकाशराव डबा घेऊन आले. त्यांनी दारातून बघितलं आणि चप्पल काढून बाहेर पायरीवरच बसले. “उठवू नका,” ते हळूच म्हणाले, “ही अशी झोपलेली मी लग्न झाल्यापासून बघितली नाही.” तिला वर नेऊन पलंगावर झोपवलं तेव्हाही ती धड जागी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली, स्वतःवर हसत. “काय झोप लागली गं! मेल्यासारखी.” पहिल्या खिडकीत तिनं एक हनुवटी काढली, मग गाल, मग काचेला दबलेलं नाकाचं टोक. मी मधूनमधून डोकावत होते. तिची बोटं चालत होती ते बघणं म्हणजे सुख होतं. रंग जणू आपसूक जागेवर जात होता. दुपारी मी वरण-भात नेला. दोन घास खाल्ले, पाठ टेकतो म्हणाली, आणि झोपली. संध्याकाळपर्यंत. तिसऱ्या दिवशी तिनं डोळ्यांवर गार पाणी मारलं, काळा चहा प्यायली, उभं राहून येरझाऱ्या घातल्या. मला म्हणाली, “नीता, मला चिमटा काढ. मी झोपलो की मला चिमटा काढ.” मी शेजारी बसले. ती रंग सोडता सोडता पेंगायची, दचकून जागी व्हायची, पुन्हा हात पुढे न्यायची. एकदा हात वाळूवर तसाच विसावला आणि तळव्याचा ठसा उमटला. मी चिमटा काढला नाही. हात आपोआप मागे आला, ती कलंडली आणि झोपून गेली. आजार कसलाच नव्हता. पुढे तिनं सगळे रिपोर्ट करून घेतले, सगळे चांगले आले. इतक्या वर्षांचं जागरण त्या हॉलमध्ये तिच्याकडे वसुलीला आलं होतं. तिला शेवटी सलग तीन दिवस आणि कोरी फरशी मिळाली, आणि तिच्या शरीरानं ते सगळे दिवस झोपेत घालवले.

शेवटच्या संध्याकाळी ती उठून बसली तेव्हा एका खिडकीत अर्धा चेहरा होता. पापणीपर्यंत आलेला. बाकी पाच खिडक्यांत नुसती वाळू. तो अर्धा चेहरा कुणाचा ते मला ओळखता आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी म्हटलं, “हारिसला सांगू, अजून एक दिवस दे.” ती म्हणाली, “उद्या माझी ड्यूटी आहे.” मग तिनं झाडू घेतला. कडेकडेनं सुरुवात करून मधोमध ढीग केला, सुपलीत भरला. निळा, पिवळा, पांढरा, सगळं मिसळून राखेसारखं झालं. फरशी पुसून तिनं किल्ली हारिसला नेऊन दिली. त्यानं कौतुकानं विचारलं, झालं का? ती म्हणाली, “झालं, शुक्रन.”

वॉर्डात तिनं ही हकीकत स्वतःच रंगवून सांगितली. “मुलींनी मला तीन दिवस दिले आणि मी काय केलो? मी झोपलो!” सगळ्या पोट धरून हसल्या. ज्यांना तिच्या वाटणीच्या रात्रपाळ्या कराव्या लागल्या होत्या त्याही हसल्या. बिल्डिंगमधले लोक तिला काही दिवस कुंभकर्ण म्हणत होते. तिला त्याचं काही वाटत नाही असं ती दाखवायची आणि लोकांनाही ते पटायचं. मला पटायचं नाही. त्यानंतरची थंडी आली आणि गेली. तिच्या पुढचीही. तिनं विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

मग आमचंच इथलं आटोपलं. माझ्या नवऱ्याच्या कंपनीचं काम संपलं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला, सामान बांधलं. निघायच्या दिवशी दुपारी मालाताई मला निरोप द्यायला खाली आली. तिची दुपारपाळी होती. युनिफॉर्म घातलेला, खांद्याला पिशवी. हॉस्पिटलची बस समोर उभीच होती. माझा नवरा सामान टॅक्सीत भरत होता. मला राहवलं नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “मालाताई, ते चित्र काढशील ना गं?”

ती माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होती. तिची चेन नीट लागली नव्हती. ती लावता लावता म्हणाली, “नाही.”

“इथं नसेल जमत. पण गावी गेल्यावर? तिथं तर तुझं स्वतःचं घर आहे.”

“नाही काढणार, नीता. तिकडं गेलो तरी नाही.” रुग्णाच्या नातेवाइकाला सांगतात तशा शांत आवाजात तिनं सांगितलं. त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं, कुणावर ठपका नव्हता. मग लगेच म्हणाली, “पासपोर्ट वर ठेवलास न्हवं? आत गेल्यावर मागतात बघ. आणि पोचलीस की मेसेज कर.” बसनं हॉर्न दिला. “आलो, आलो” म्हणत माझ्या पाठीवरून तिनं एकदा हात फिरवला आणि डावीकडे झुकत, घाईघाईनं रस्ता ओलांडून गेली. बसमध्ये चढताना तिनं मागे वळून बघितलं नाही. बस सुटायची होती आणि तिला ड्यूटीवर वेळेत पोचायचं होतं.

टॅक्सी निघाली आणि मला रडू फुटलं. अगदी हमसून. माझा नवरा गोंधळला. टॅक्सीवाला पेशावरकडचा वयस्क पठाण होता. त्यानं आरशातून बघितलं, रेडिओ बंद केला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “बहनजी, कुवेत छोड़ के भी कोई रोता है? आप तो घर जा रही हैं. खुश हो जाइए.” मी मान हलवली आणि डोळे पुसले. त्याला काय सांगणार होते, की एका बाईनं एक चित्र काढायचं नाही असं ठरवलंय, म्हणून मी रडतेय?